धांड्याचा हिशेब

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्याचा वेगळा जिल्हा व्हायला 1981 उजाडलं. 1964 साली याच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी काढली. पुढे देशभर ‘महिको’ म्हणून ओळखली गेली ती हीच. त्याच वर्षी देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, प्रसारित झाली. नवं वाण आणि ते घरोघरी पोचवू शकणारी बियाणं कंपनी, दोन्ही मराठवाड्याच्या वाट्याला एकाच साली आली.

काळ टंचाईचा होता. अमेरिकेचा गहू बोटींनी येत होता आणि रेशनच्या रांगेत वाटला जात होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याचा पण केला होता आणि त्यांची मोठी भिस्त संकरित ज्वारीवर होती. भिस्त चुकीची नव्हती. गावरान खरीप ज्वारी चार-साडेचार महिने रान अडवून बसायची. ही शंभर-सव्वाशे दिवसांत घरात यायची आणि खत-पाणी मिळालं तर गावरानाच्या कितीतरी पट दाणा द्यायची. शेतकऱ्याने ती घेतली. खळ्यावर रास मोठी दिसली, कणगी भरली.

मग गडी कडब्याची गंजी रचायला लागले आणि गंजी काही उभी राहीना.

ही ज्वारी ठेंगणी होती. गावरान ज्वारीत शिरलेला माणूस बांधावरून दिसत नसे, इतकी ती डोक्यावरून वर जायची. संकरित ज्वारी छातीशी थांबली. त्याचं कारण तिच्या मातृवाणाच्या नावातच लिहिलेलं आहे : कम्बाइन काफिर 60. मूळची आफ्रिकेतली काफिर ज्वारी अमेरिकेच्या मैदानात गेली. तिथे एकाच फेरीत कापणी-मळणी करणारं कम्बाइन यंत्र नीट चालावं म्हणून तिची उंची कमी करण्यात आली. 1954 साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी ज्वारीतलं नर-वंध्यत्व वापरून संकरित बियाणं मोठ्या प्रमाणावर करण्याची वाट मोकळी केली. त्या वाटेने हा ठेंगणा वंश आपल्याकडे आला. अमेरिकेत दाणा घेऊन यंत्र पुढे जायचं, धांडा मागे रानात राहायचा. त्या धांड्याची किंमत कोणी मोजलीच नव्हती, कारण तिथे त्याला गिऱ्हाईकच नव्हतं.

आपल्याकडे ते गिऱ्हाईक दावणीला बांधलेलं होतं.

मराठवाड्याच्या कुणब्याला ज्वारी हे एक पीक कधीच वाटलं नाही. तिच्यात दोन पिकं असतात. कणसातलं पीक घरातल्या माणसांचं आणि कणसाखालचं पीक गोठ्यातल्या जित्राबांचं. लाल कंधारी असो की देवणी, उन्हाळ्याचे चार महिने बैल जगतो तो कडब्यावर, आणि बैल जगला तरच पुढच्या मृगाला पाभर चालते. म्हणून भाव दोन असायचे. दाण्याचा भाव पोत्यावर आणि कडब्याचा शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर. संकरित ज्वारीची जाहिरात झाली ती पहिल्या भावावर. दुसऱ्या भावाबद्दल कोणी बोललंच नाही. भाषेने मात्र त्याची नोंद घेतली. ‘हायब्रीड’ हा शब्द शेतातून घरात आला तो जरा नाक मुरडतच. लवकर वाढलेलं पण कस नसलेलं जे काही, ते हायब्रीड. मग ती भाजी असो की पोरगं.

हा कस म्हणजे नेमकं काय? शेतकरी तो कसा ओळखायचा, हे कडब्याच्या सौद्यात दिसतं. औरंगाबादच्या छावणी भागातल्या गुरुवारच्या बाजाराला किंवा गावोगावच्या कडब्याच्या अड्ड्यावर जाणता गिऱ्हाईक पेंढी वरून पाहत नाही. वरचे धांडे दाखवायचे असतात. तो पेंढीच्या पोटात हात घालतो आणि मधला एक ओढून काढतो. आधी पात बघतो. ती धांड्याला धरून आहे की झडून गेली आहे, हिरवट पिवळी आहे की पावसाने भिजून काळवंडली आहे. मग पेऱ्याजवळ मोडतो. बारीक धांडा कटकन तुटतो. जाड, जरड धांडा वाकतो, चिरतो, पण तुटत नाही. वास घेतो, कुबट आला तर पेंढी खाली ठेवतो. शेवटी आतला गाभा दाताखाली धरतो. गोडसर लागला तर भाव करायला बसतो. दुसरी परीक्षा घरी, दुसऱ्या दिवशी सकाळी. गव्हाण झाडणाऱ्या बाईला बुडखे किती उरले ते दिसतं. जनावराने काय सोडलं, ही त्या कडब्याची शेवटची गुणपत्रिका.

हेच मोजण्याचा दुसरा रस्ता जर्मनीतून निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात ग्योटिंगेनजवळच्या वेंडे या गावी विल्हेल्म हेन्नेबर्ग आणि फ्रीडरिश श्टोमान यांनी वैरणीची सहा भागांत फोड करण्याची पद्धत बसवली : पाणी, राख, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि उरलेली पिठूळ-साखरी द्रव्यं. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची सोपी रीत काढली. आला आकडा 6.25 ने गुणला की प्रथिनं निघाली. आजही पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत या दोन पद्धतींच्या पायावरच काम उभं असतं. पण केल्डालच्या रीतीत एक मेख पहिल्यापासून आहे. नळीला नायट्रोजन कळतो, तो कशातून आला हे कळत नाही. डाळीच्या चुरीतला आणि युरियाच्या मुठीतला नायट्रोजन तिला सारखाच. पेंडीत युरिया मिसळून टक्के फुगवणाऱ्यांचा धंदा चालतो तो या मेखेवर.

आकड्यांची दुसरी मर्यादा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये उघडी पडली. 1907 ते 1911 या काळात तिथे स्टीफन बॅबकॉक यांच्या आग्रहाने एक साधा, पण धीराचा प्रयोग झाला. सोळा कालवडींचे चार गट केले. एकाला फक्त मक्याचं खाद्य, दुसऱ्याला गव्हाचं, तिसऱ्याला ओटचं, चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. रसायनशास्त्राच्या कागदावर चारही खाद्यं समान उतरतील अशी बेतलेली होती. मका खाणाऱ्या गाई तुकतुकीत राहिल्या आणि त्यांची वासरं धडधाकट निपजली. गहू खाणाऱ्या गाईंची वासरं मेलेली जन्मली किंवा जन्मून मेली. कागदावर बरोबर असलेलं खाद्य गोठ्यात चूक ठरलं होतं. जीवनसत्त्वांच्या शोधाकडे नेणाऱ्या वाटांपैकी एक इथून सुरू झाली. वैरणीपुरता धडा असा, की चाऱ्यात काय आहे एवढं पुरत नाही. जनावराच्या अंगी त्यातलं किती लागतं, ते पाहावं लागतं.

भारतात ते पाहण्याचं काम 1920 च्या दशकापासून बंगळुरूच्या पशुपोषण विभागात एफ. जे. वॉर्थ यांनी सुरू केलं. पद्धत कोणाही गोठेवाल्याला समजेल अशी होती. बैलाला चारा तोलून घालायचा, उरलेला तोलायचा, दिवसाचं सगळं शेण गोळा करून तेही तोलायचं. गेलं त्यातून बाहेर आलेलं वजा केलं की पचलेलं उरलं. अशा चाचण्यांचे निकाल जमवून के. सी. सेन यांनी भारतीय वैरणींच्या पोषणमूल्यांचे तक्ते केले. कृषी संशोधन परिषदेने ते छापले आणि पशुवैद्यकांच्या कित्येक पिढ्या त्यांवर शिकल्या.

त्या शास्त्राने कडब्याबद्दल सांगितलं ते फारसं गोड नव्हतं. वाळल्या कडब्यात प्रथिनं साधारण तीन-चार टक्के आणि पचण्याजोगी त्यातली एखाद टक्का. गाय-बैलाच्या पोटात चारा आंबवणाऱ्या सूक्ष्म जिवांना आपलं काम नीट करायला चाऱ्यात सातेक टक्के तरी प्रथिनं लागतात. म्हणजे नुसत्या कडब्यावर जनावर तगतं, कमावत नाही. खेड्यात हे ठाऊक होतंच. नाहीतर कामाच्या दिवसांत बैलापुढे सरकीची ढेप आणि आंबोण आलं नसतं. पण सरासरीच्या तक्त्यात ‘ज्वारीचा कडबा’ ही एकच ओळ. मालदांडीचा पानाळ कडबा आणि सप्टेंबरच्या पावसात भिजून काळा पडलेला हायब्रीडचा कडबा त्या ओळीत शेजारी शेजारी झोपतात. बाजारात पेंढी मोडणारा माणूस जो फरक करत होता, तो तक्त्याला करता येत नव्हता.

या सगळ्याची परीक्षा 1972 ने घेतली. पाऊस आधीच्या दोन वर्षांतही हात आखडून होता. बहात्तरला त्याने पाठच फिरवली. 1973 च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं खडी फोडत होती. त्यांच्यासाठी सुकडी आली, लाल मिलो आली. ही मिलोही ज्वारीच, अमेरिकेत जनावरांना घालतात ती. माणसांच्या पोटाचा निदान हिशेब तरी मांडला गेला. जनावरांच्या पोटाचा मांडायला गंजीच नव्हती. गावरान ज्वारीच्या काळात जाणते लोक एका सुगीचा कडबा दुसऱ्या सुगीपर्यंत राखत; वाईट सालासाठी ती घरची ठेव असे. सलग तीन सालं पिकानेच दगा दिल्यावर ती ठेव संपली, आणि जिथे ठेंगण्या ज्वारीची गंजी मुळातच बुटकी होती तिथे ती आधी संपली. सगळं खापर हायब्रीडवर फोडणं अन्यायाचं होईल. पाण्याशिवाय गावरानही वाढली नसती. पण वाईट साल येणार हे धरून चालणारी जी जुनी व्यवस्था होती, तिच्यातला एक खांब नव्या बियाण्याने न बोलता काढून घेतला होता.

मग जे मिळेल ते गव्हाणीत पडलं. उसाचं वाढं आलं. वाढं हिरवंगार, जनावर आवडीने खातं, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातला चुना ओढून नेतं. सलग वाढ्यावर ठेवलेल्या जनावराची हाडं आणि दूध दोन्ही खचतात. त्यावर उतारा म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला पशुवैद्यक आजही देतात. दुसरा धोका खुद्द ज्वारीत होता. पावसाअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पोंगे भुकेल्या जनावराने खाल्ले, की ते तोंडाला फेस येऊन तासाभरात आडवं व्हायचं. गावाकडे याला ‘किराळ लागणं’ म्हणतात. लंडनमध्ये डन्स्टन आणि हेन्री यांनी 1902 मध्येच यामागचं द्रव्य कोवळ्या ज्वारीतून वेगळं काढलं होतं आणि ज्वारीच्या अरबी नावावरून त्याला ‘धुरीन’ म्हटलं होतं. जनावराच्या पोटात त्यातून सायनाइड सुटतं. नाव माहीत नसलं तरी गुराखी पोंग्यांच्या रानात गुरं शिरू देत नसे. दुष्काळात मात्र राखण ढिली पडते आणि भूक दावं तोडते.

त्याच 1972 सालात मराठवाड्याच्या शेतीसाठी महत्त्वाच्या दोन संस्था उभ्या राहिल्या. 18 मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. कोरडवाहू पिकं हा दोन्हींचा विषय, म्हणजे ज्वारी आलीच. तरी सुरुवातीची बरीच वर्षं ज्वारीचं यश क्विंटलमध्येच मोजलं गेलं.

इकडे गोठ्यात आणखी एक बदल होत होता. दूध वाढवण्यासाठी जर्सी आणि होल्स्टीनच्या रक्ताच्या संकरित गाई आल्या. संकरित ज्वारीने चारा घटवला आणि संकरित गाईने भूक वाढवली. दोन्ही योजना आपापल्या जागी शहाण्या होत्या. त्या दोघींची गाठ पडणार होती ती गव्हाणीत, आणि तिथे कोणी उभं नव्हतं. बाजाराने ही गाठ बरोबर ओळखली. 1970 च्या सुमारास एक किलो ज्वारीला जो भाव होता त्यात सहा किलो कडबा यायचा. 1990 पर्यंत त्यात तीनच किलो येऊ लागला. दाणा स्वस्त होत गेला, धांडा महाग.

रब्बीतल्या शेतकऱ्याने तर आपलं मत आधीच दिलं होतं. खरिपात हायब्रीड पसरली, पण रब्बीत तिचं फार काही चाललं नाही. खोडमाशीपुढे ती टिकेना आणि तिची भाकरी कोणाला रुचेना. तिथे राज्य राहिलं मालदांडीचं, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेल्या एम 35-1 चं. पांढरा टपोरा दाणा, मऊ भाकरी आणि पानाळ, गोड कडबा. पैठण-गंगापूरच्या काळ्या रानापासून बार्शी-मंगळवेढ्यापर्यंत, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत, ती अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. अधिकारी अशा शेतकऱ्याला जुन्या वळणाचा म्हणायचे. तो फक्त दोन पिकांची बेरीज करत होता आणि अधिकाऱ्याच्या कागदावर एकच पीक होतं.

कागद बदलायला लागला तो शतक उलटताना. 1999 मध्ये क्रिस्तजानसन आणि झर्बिनी या संशोधकांनी हिशेब मांडला, की कडब्याची पचनीयता एका टक्क्याने वाढवता आली तर जनावरापासून मिळणारं उत्पन्न 6 ते 8 टक्क्यांनी वाढू शकतं. त्यानंतर 2004-05 च्या सुमारास मायकेल ब्लुमेल आणि पार्थसारथी राव यांनी हैदराबादच्या कडबा बाजारात एक गमतीचं काम केलं. ते महिनोन् महिने व्यापाऱ्यांकडून वेगवेगळ्या भावाचा कडबा विकत घेत राहिले आणि त्याची पचनीयता प्रयोगशाळेत तपासत राहिले. सर्वांत स्वस्त कडब्याची पचनीयता 47 टक्के निघाली, सर्वांत महागाची 52. अवघ्या पाच टक्क्यांचा फरक, पण बाजार त्यासाठी 25 टक्के जास्त मोजत होता. व्यापाऱ्याजवळ ना परीक्षानळी होती ना तक्ता. त्याने पात पाहिली होती, धांडा मोडला होता, गाभा चावला होता. वेंडेपासून निघालेला रस्ता दीडशे वर्षांचा वळसा घालून कडब्याच्या अड्ड्यावर पोचला होता आणि तिथे बसलेल्या माणसाचं म्हणणं खरं निघालं होतं.

या कामाचा फायदा पुढच्या वाणांना झाला. दाणा वाढला की कडब्याचा कस घटतोच, हा समज खोटा ठरला. दोन्ही एका ताटात बसवता येतात. कणीस पक्व झाल्यावरही पात हिरवी ठेवणारी ज्वारी शोधण्यावर भर आला. कडब्याची भुकटी करून तिच्यावर अवरक्त किरण टाकायचे आणि परतून आलेल्या प्रकाशावरून प्रथिनं, तंतू, पचनीयता काही मिनिटांत वाचायची, ही सोय झाल्यावर शेकडो वाणांचा कडबा तपासणं शक्य झालं. परभणीचीही दाणा-कडबा दोन्ही देणारी रब्बी वाणं आली. ‘परभणी मोती’ त्यांतलंच एक.

सरकारी दुष्काळ मात्र किलोतच राहिला. 2019 मध्ये मराठवाड्यात पुन्हा चारा छावण्या पडल्या. मोठ्या जनावरामागे रोज 90 रुपये अनुदान होतं, ते पुढे 100 झालं. छावणीच्या हिशेबाला चाऱ्याचं वजन लागतं. ऊस 15 किलो घातला की रकाना भरतो. उसात साखर आहे, पाणी आहे, प्रथिनं नावाला. जनावर उभं राहतं, पावसाळा गाठतं, पण गाभण राहायला उशीर करतं आणि वासराला दूध कमी देतं. तो तोटा छावणी मोडल्यानंतर मालकाच्या गोठ्यात उतरतो आणि कोणत्याच रकान्यात बसत नाही. अडचणीच्या वेळी किलो महत्त्वाचे असतात, हे मान्य. पण बहात्तरपासून इतक्या छावण्या लागल्या-मोडल्या, तरी चाऱ्याचा कस विचारणारा एक रकाना त्या वहीत आला नाही.

आता प्रश्नाचं रूपच बदललं आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे रान मक्याने भरलं आहे, बाकी कपाशीने. दुधाच्या गोठ्यांना मुरघास आला आहे. दाणा चिकात असताना मका कुट्टी करून, दाबून, हवाबंद ठेवायचा आणि आंबट-गोड वास सुटला की घालायचा. जनावर कडबा सोडून त्यावर पडतं, आणि तक्ताही जनावराच्याच बाजूने बोलतो. शेजारी पशुखाद्याचं पोतं असतं, त्यावर प्रथिनांचा आकडा छापलेला. मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीला निदान 22 टक्के, दुसरीला 20.

कडब्याच्या पेंढीवर काहीच छापलेलं नसतं. ती वाचावी लागते. ज्वारीचं रान आकसत गेलं तसे ती वाचणारेही कमी होत चालले. पोत्यावरचा आकडा विश्वासाने घेणारा, पण धांडा मोडून न पाहणारा गोठेवाला आज सहज भेटतो. प्रयोगशाळेने मोठ्या कष्टाने सिद्ध केलं, की अड्ड्यावरचा माणूस बरोबर होता. ते सिद्ध होईपर्यंत त्या माणसाचा मुलगा मुरघासाचा भाव विचारायला लागला होता. म्हातारा अजून पेंढीत हात घालतो, मधला धांडा ओढतो, पेऱ्याशी मोडतो आणि गाभा दाताखाली धरतो; आणि पोराच्या हातातल्या पोत्याकडे बघून विचारतो, ‘‘हे चावून पाह्यलं का?’’